याच्यासारखं आणखी कोण?

वाळपई, आश्विन

प्रिय बाय,

तुझं फुलपाखरांच्या फोटोंचं फोल्डर दोन संध्याकाळी बसून पाहिलं. सुर्ल्याचं रान, म्हादईकाठची वाट, चोर्ला घाटातलं ते वळण, सगळं ओळखीचं निघालं. फोटो चांगले आहेत, काही तर फारच चांगले. प्रत्येक फोटोखाली तू नाव घातलं आहेस आणि एकाही नावापुढे प्रश्नचिन्ह नाही. हेच मला खटकलं. पाऊस सरताना गोव्यातल्या या सत्तरीच्या रानात जो फिरला, त्याच्या यादीत दोन-चार तरी प्रश्नचिन्हं असायलाच हवीत.

तू काय करतेस याचा अंदाज आहे. फोटो काढायचा, फोनमधल्या अ‍ॅपला दाखवायचा, त्याने सगळ्यात वर दिलेलं नाव उतरवून घ्यायचं. अ‍ॅपवर माझा राग नाही, मीही वापरतो. पण ते फक्त हे कशासारखं दिसतं एवढंच सांगतं. तू त्यापुढे जा. याच्यासारखं दिसणारं या रानात आणखी कोण उडतं? त्या दोघांना वेगळं करणारी खूण कोणती? आणि ती खूण माझ्या फोटोत आली आहे का? सह्याद्रीत फुलपाखरांच्या सव्वातीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या कितीतरी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की या तिसऱ्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा 'नाही' असंच येतं.

'कॉमन क्रो' नावाने तू ठेवलेले फोटो घे. काळपट तपकिरी पंख आणि काठाने पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. या फुलपाखराचा सुरवंट कण्हेर, वड-उंबर, उपळसरी अशा चिकाच्या झाडावेलींवर वाढतो आणि मोठेपणीही ते पक्ष्यांना खायला वाईट लागतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग तोच वेश इतरांनीही घेतला. डबल-ब्रँडेड क्रो आणि ब्राऊन किंग क्रो हे त्याचे भाऊबंद, स्वतःही बेचवच. पण त्याच वेशात कॉमन माईम आणि मलबार रेव्हनही फिरतात, आणि ती दोन्ही स्वॅलोटेल कुळातली आहेत. रेव्हन तर सह्याद्रीपुरतंच. शिवाय ग्रेट एगफ्लायची मादी. म्हणजे 'कॉमन क्रो' या एका नावामागे, ते स्वतः धरून, सहा उमेदवार उभे आहेत.

यांना सोडवताना पंखांकडे शेवटी बघ. आधी पाय मोज. क्रो आणि एगफ्लाय चार पायांवर उभी राहतात, कारण त्यांच्या कुळात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात. स्वॅलोटेल सहाही पाय टेकतं. व्हाळाच्या काठी ओल्या रेतीवर बसलेल्याचा बाजूने फोटो मिळाला, तर अर्धा गुंता तिथेच सुटतो. मग फुलावरची वागणूक. स्वॅलोटेल मध पितानाही पंख फडफडवत राहतं, क्रो निवांत बसतं. उडताना माईम क्रोच्या संथ चालीची नक्कल करतं, पण दचकलं की ढोंग सोडून सुसाट निघतं. ते सुसाट जाणं वहीत लिहिलंस तर पुसट फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि मागच्या पंखाच्या काठावर खालच्या बाजूने पिवळे ठिपके दिसले तर ते माईमच.

उरलेल्या क्रोंपैकी डबल-ब्रँडेडच्या नराला पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला दोन लांबट मखमली पट्ट्या असतात, कॉमन क्रोच्या नराला एकच. मादीला पट्टीच नसते. तुझ्या फोल्डरमधली बहुतेक क्रो पंख मिटून बसलेली आहेत, त्यामुळे पट्टी असली तरी दिसायची नाही. तिथे 'क्रो, जात ठरली नाही' असं लिही. त्यात कमीपणा नाही. उद्या कोणी तुझी यादी वापरली तर त्याला त्या ओळीचा भरवसा तरी येईल.

कॉमन मॉर्मनची मादी ही दुसरी गंमत. तिची तीन रूपं. एक नरासारखंच, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमसन रोझसारखं. तिन्ही एकाच कढीलिंबावर अंडी घालताना दिसू शकतात. दशावतारी नटाला रंग पुसून घरी जाता येतं, हिला ती सोय नाही. कोशातून ज्या रूपात निघाली त्याच रूपात जन्म काढायचा. हा सगळा खेळ 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकावर चालतो, हे 2014 साली दाखवून दिलं गेलं. ओळखायला मात्र सोपी: रोझ फुलपाखरांचं अंग लाल, मॉर्मनचं काळं. तुझ्या 'कॉमन रोझ' क्रमांक चारचं पोट बघ. काळं आहे ना? उलट क्रमांक सहाचं अंग लाल आहे, पण मागच्या पंखावरचा पांढरा डाग नेहमीपेक्षा मोठा वाटतो. तो डाग आत, पंखाच्या मधल्या, शिरांनी वेढलेल्या खणापर्यंत शिरला असेल तर ते मलबार रोझ असेल. तेही सह्याद्रीतलंच. मूळ आकाराचा फोटो पाठव, मगच बोलू.

प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांचं फार अवघड नाही. टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच. टायगर रुईभोवती घुटमळतं, एगफ्लायची मादी जमिनीलगत घोळीच्या पानांशी. कोणतं फुलपाखरू कोणत्या झाडापाशी खाली-वर करतंय हे नेहमी टिपून ठेव. झाड ओळखता येत नसेल तर पानाचा फोटो घे. फुलपाखरांच्या नादी लागलेल्यांनी वनस्पती शिकायचा कंटाळा करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी तुला पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे.

ब्लू टायगर आणि डार्क ब्लू टायगर यांत डार्कवरचे निळसर पट्टे बारीक असतात. दोन्ही शेजारी पाहिली की डोळा बसतो. सेलर गटात पंखांची खालची बाजू मिळवायची. कॉमन सेलरच्या पांढऱ्या पट्ट्यांना तिथे काळी किनार असते, क्लिअर सेलरला नसते. वरून काढलेला सेलरचा सुंदर फोटो भिंतीवर लावायला छान, नाव ठरवायला बहुधा कुचकामी.

आता बुशब्राऊन, ही तपकिरी फुलपाखरं. इथे माझाही धीर सुटतो. पावसाळ्यात त्यांच्या पंखांखाली डोळ्यांसारखे गोल ठळक असतात. त्यातल्या खालच्या गोलांचे पांढरे मध्यबिंदू एका सरळ रेषेत आहेत का, हे कॉमन आणि डार्क-ब्रँड या दोन बुशब्राऊन वेगळ्या करताना बघतात. कॉमनमध्ये ती रेषा मोडते. पण पाऊस संपून रान सुकू लागलं की पुढची पिढी वाळक्या पानासारखी निघते. गोल आकसून नुसते टिंब उरतात आणि ती खूणच जाते. म्हणून फोटोवर तारीख हवीच. माघातल्या बुशब्राऊनला श्रावणातल्या चित्राशी जुळवत बसलीस तर दोन्हीकडून फसशील.

स्किपर कुळातल्या फुलपाखरांमधले काही गट, विशेषतः ते पिवळे-काळे डार्ट, यांत जात ठरवायला नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यासाठी फुलपाखरू मारावं लागतं, आणि ते आपलं काम नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही 1999 पासून अभयारण्यं आहेत. तिथे जाळं घेऊन फिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फुलपाखरंही येतात, हे जाळी विकत घेणाऱ्या उत्साही मंडळींना तूच सांग. डार्टच्या फोटोखाली 'पोटॅन्थस' एवढं प्रजातीचं (genus) नाव लिहून पुढे जा.

फोटो काढताना एक क्रम ठेव: लांबून पहिला कसाही, मग मिटलेल्या पंखांचा बाजूने, मग अंग आणि पाय. पंख उघडण्याची वाट शेवटी बघायची. तू नेमकी उलटी चालतेस. पंख उघडण्यासाठी ताटकळतेस आणि तोवर फुलपाखरू उडून जातं.

पुढच्या महिन्यात मी तांबडी सुर्लाच्या बाजूला असेन, जमलं तर ये. त्याआधी फोल्डरमधली सगळी नावं पुसून टाक. प्रत्येक फोटोखाली आधी त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांची नावं लिही, मग दिसलेली खूण, आणि त्यानंतर जमलं तर जात. क्रो आणि बुशब्राऊन आधी पाठव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. टाकळ्यावरचं ते पिवळं फुलपाखरू तू कॉमन ग्रास यलो म्हणून लिहिलंस. बरोबर असेलही, टाकळा त्याच्या आवडीचाच. पण पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी शिरांनी वेढलेला जो लांबट खण आहे त्यात कॉमनला साधारण दोन खुणा असतात, थ्री-स्पॉटला तीन, वन-स्पॉटला एक. तुझ्या फोटोत नेमकं तिथेच पान आडवं आलं आहे आणि या खुणा कमी-जास्तही होतात. तेव्हा ती मादी पुन्हा दिसली तर अंडी बघ. कॉमन एकेकटं अंडं घालते, थ्री-स्पॉट पुंजका घालते. झाड अजून उपटलेलं नसेल तर उद्या सकाळी जाऊन पानं उलटून पाहा.