माती आहे, तांडा येतो, तरी तिजोरी रिकामी

प्रश्न : ‘सीझर ३’ या रोमन शहर वसवण्याच्या संगणकावरच्या खेळात व्यापारी वसाहत उभी करतोय. पाण्याकाठी चिकणमातीच्या खाणी आहेत. शेजारचं शहर माती आणि मडकी दोन्ही घेतं. मी माती विकतो. व्यापाऱ्याचा तांडा येतो, तरी वखारी तुडुंब आणि तिजोरी उणे. पगार कमी केला तर लोकच निघून गेले. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमच्या तालुक्यातली माती भट्टीत भाजून, विटा होऊन बेळगावला येते, आणि खेळात मात्र तुम्ही ती कच्चीच गाड्यांत भरताय! हे आधी थांबवा. मूळ भावानं मातीच्या गाडीला ३० डेनारी (खेळातलं रोमन नाणं) मिळतात, मडक्यांच्या गाडीला १४०. समजा तुमचं गिऱ्हाईक वर्षाला २५ गाड्या घेतं. मातीचे होतात ७५०, मडक्यांचे ३५००. एक गाडी मातीची एक गाडी मडकी होतात, घट काहीच नाही. कुंभाराच्या कारखान्याला १० माणसं लागतात आणि खुद्द रोममध्ये चालणाऱ्या दरानं त्यांचा सगळ्यांचा मिळून वर्षाचा पगार ३० डेनारी. म्हणजे मातीच्या एकाच गाडीत तो सुटतो. पगार पुन्हा रोमच्या बरोबरीला आणा आणि एका खाणीमागे दोन कारखाने बांधा.

आता वखार. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो आणि १९९८ साली आलेला हा खेळ मी आजही खेळतो तो त्यातल्या वखारींसाठी. एका वखारीत आठ खण, खणात चार गाड्या, एकूण ३२. खण भरले की कारखान्याचा हातगाडीवाला भरलेली गाडी धरून दारातच उभा राहतो आणि आतलं काम बंद पडतं. शहरभर फिरून असे उभे हातगाडीवाले शोधा. जिथं ते दिसतील तिथं तुमचा पैसा अडकलाय.

तांडा म्हणजे एक व्यापारी आणि मागे दोन गाढवं. नकाशाच्या एका टोकानं शिरतो, रमतगमत वखारीपर्यंत येतो, माल घेतो, निघतो. तुमच्या वखारी खाणींजवळ, गावाच्या पार पलीकडे असतील तर त्याचं अर्धं वर्ष चालण्यातच जातं. विक्रीची वखार त्याच्या येण्याच्या रस्त्यालगत बांधा आणि तिथं मडक्यांशिवाय बाकी सगळा माल ‘घेऊ नये’ करून ठेवा. खाणींजवळची वखार राहू द्या, तिच्यात फक्त माती.

एक मात्र सांभाळा. मडकी तुमच्या लोकांनाही लागतात, त्याशिवाय घरं वरच्या दर्जाला चढत नाहीत. व्यापाराच्या पानावर ‘इतक्याच्या वर असेल तेवढंच विका’ हा आकडा असतो. तो मी आठ-दहावर ठेवतो. शून्यावर ठेवला तर तांडा सगळं उचलून नेतो आणि बाजारवाली रिकाम्या हातानं परत येते.

गिऱ्हाईक बघून गाव वसवावं, असं माझं ठाम मत आहे. पहिलं घर बांधण्याआधी साम्राज्याचा नकाशा उघडा. कोण काय घेतं, वर्षाला १५, २५ की ४० गाड्या, त्या शहराशी व्यापाराची वाट उघडायला किती डेनारी पडतात, हे बघा. जंगल नसलं तरी अडत नाही. लाकूड ५०ला आणून फर्निचर १५०ला विकता येतं.

कर्जाचं म्हणाल, तर उणे ५०००च्या पुढे खेळ खर्चच करू देत नाही, आणि कर्ज रेंगाळलं की सीझरची मर्जी उतरते, शेवटी त्याचं सैन्य दारात येतं. म्हणून तिजोरी उण्यात आहे तोवर दुसरी व्यापारी वाट उघडू नका, देवळं-नाट्यगृहं थांबवा. हातात शिल्लक असेल ते आधी दोन कारखान्यांवर आणि रस्त्याकडेच्या त्या एका वखारीवर घाला.