जामीन राहतोयस? आधी कदबा वाच

मेव्हण्यासाठी कोर्टात जामीन राहायला सांगितलंय म्हणतोस. रहा, पण वकिलाच्या टेबलावर घाईत सही ठोकू नकोस. जातमुचलका, म्हणजे स्वतः हजर राहण्याची लेखी हमी, आरोपीचा; जामीन कदबा, म्हणजे त्याच्यासाठी दिलेलं हमीपत्र, तुझा. तो तारखेला हजर राहिला नाही तर कदब्यातली रक्कम तू भरायची. आज खिशातून रुपयाही जात नाही, तिथेच माणूस फसतो.

मी आतेभावाला 25 हजारांचा जामीन राहिलो होतो. 7/12, रेशनकार्ड, फोटो दिले आणि विसरलो. पठ्ठ्या दोन तारखा चुकला, नोटीस आली माझ्या नावाची! रजा टाकून त्याला हुडकला, कोर्टात उभा केला, तेव्हा रक्कम बरीच कमी झाली. पण ती न्यायाधीशांची मर्जी, आपला हक्क नव्हे. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग.

आधी आणखी कुणाला जामीन राहिला असशील तर लपवू नकोस, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा, त्याच्या कलम 486 प्रमाणे ते कोर्टाला सांगावंच लागतं. आणि ‘पैसे गेले तर भरून देऊ’ असं सासऱ्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही.

मेव्हणा हाताबाहेर जातोय असं वाटलं तर त्याच कायद्याच्या कलम 489 खाली जामिनातून मोकळं करा असा अर्ज करता येतो. कोर्ट त्याच्यावर वॉरंट काढतं, तो हजर झाला की तुझा कदबा सुटतो. सासरी काय ऐकावं लागेल ते तू बघ.

तारखा मात्र त्याच्यावर सोडू नकोस. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून स्वतः बघत जा, आणि आदल्या रात्री त्याला फोन कर.