ल्युपस आणि अँटीबॉडीचे रिपोर्ट: वाचकांचे प्रश्न

सांधे दुखतात म्हणून एएनए तपासली, १:८० पॉझिटिव्ह आली. मला ल्युपस आहे का?

नुसत्या या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. एएनए ही पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) शोधणारी रक्ततपासणी. १:८० म्हणजे रक्त ८० पट पातळ केल्यावरही त्या दिसल्या. या पातळीला शंभर निरोगी माणसांत दहा-पंधरा जण पॉझिटिव्ह येतात. ही तपासणी निगेटिव्ह आली तर जास्त कामाची, कारण ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते. पुरळ, तोंडातले फोड, लघवीतली प्रथिनं, रक्तपेशींची संख्या हे बघून पुढचं ठरतं. एएनए पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. तिच्या चढउतारावरून आजाराचा जोर कळत नाही.

बहिणीला ल्युपस आहे. तिला बरं वाटतंय, तरी डॉक्टर डीएस-डीएनए आणि लघवी का तपासतात?

मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून. डीएस-डीएनए अँटीबॉडी, म्हणजे डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी, मेलेल्या पेशींतून सुटलेल्या डीएनएला चिकटतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत हे जोड साचले की कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं तिथे कामाला लागतात आणि गाळणीलाच इजा करतात. कॉम्प्लिमेंट असं खर्ची पडतं, म्हणून त्यातली सी३ आणि सी४ ही प्रथिनं रक्तात घसरतात. डीएस-डीएनए चढतेय आणि सी३ उतरतंय असं दिसलं की लघवी लगेच तपासावी. लघवीतून किती प्रथिनं जातात हे सांगणारं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर टिकून राहिलं तर बहुधा बायोप्सी करावी लागते. फक्त अँटीबॉडीचा आकडा वाढला म्हणून स्टेरॉइडचा डोस स्वतःहून वाढवू नये.

लॅब मात्र बदलू नका. एलायझा आणि इम्युनोफ्लुरेसन्स या अँटीबॉडी मोजण्याच्या दोन पद्धती. एलायझाचा आकडा इम्युनोफ्लुरेसन्सच्या आकड्याशी जुळत नाही, आणि पद्धत बदलल्याने पडलेला फरक आजार उसळल्यासारखा दिसतो.

अँटी-स्मिथसुद्धा दर वेळी करायची का?

नाही. ही ल्युपसमधली आणखी एक अँटीबॉडी. ती थोड्याच रुग्णांत सापडते, पण सापडली तर निदान पक्कं व्हायला मोठा आधार मिळतो. एकदा पुरते.

माझी अँटी-रो पॉझिटिव्ह आहे आणि आम्हाला मूल हवंय.

जरूर होऊ द्या, पण आजार किमान सहा महिने शांत असताना. अँटी-रो या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि शंभरातल्या एक-दोन बाळांत हार्ट ब्लॉक करतात, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा संदेश अडतो. धोक्याचा काळ साधारण १६ ते २६ आठवड्यांचा. त्या काळात बाळाच्या हृदयाची इको कधी आणि किती वेळा करायची हे आधीच ठरवून घ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध गरोदरपणातही चालू ठेवायचं. भीतीपोटी ते बंद केलं की आजार उसळतो, आणि त्यात आई-बाळ दोघांनाही धोका असतो. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या फॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या तीनही तपासण्या दिवस राहण्याआधीच करा. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा. त्या टिकून असतील तर गुठळ्या आणि गर्भपात टाळण्यासाठी वेगळे उपचार लागतात.