भरतीला जायचंय आणि छातीवर पूर्ण शिवमुद्रा गोंदवायची आहे. वय १९, बेळगाव. किती दुखेल, किती खर्च येईल?

छातीवर अजिबात नको. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला आणि पंजाच्या पाठीवर, बास. बीएसएफ, सीआरपीएफला आणखी कडक: पुढचा हात असेल तर डावाच, कारण उजव्यानं सॅल्यूट करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. "शर्टाच्या आत कोण बघतंय" म्हणत छातीवर मशीन चालवणारे आपल्या गावात आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गावात धंदा करायचा आणि मेडिकलला शर्ट उतरवतात हे माहीत नाही म्हणायचं? गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यावं, यावरून माझं धंद्यातल्या लोकांशी कायम वाजतं. पोराला नाही म्हणणं हेही आम्हा टॅटू काढणाऱ्यांचंच काम आहे.

खानापूरकडचा एक मुलगा मुद्रा दुरुस्त करायला आला होता. ५ सेंटिमीटरच्या अष्टकोनात अख्खा श्लोक. 'प्रतिपच्चंद्र'मधला च्च आणि 'विश्व'मधला श्व म्हणजे नुसते काळे ठिपके, 'वर्धिष्णु'चा रफार गायब, रेघांभोवती निळसर सावली. शाई वर्षागणिक थोडी पसरतेच, त्यात अक्षर जेमतेम ४ मिलिमीटरचं, त्यामुळं आतली पोकळी बुजली. सावली पडते ती सुई २ मिलिमीटरच्या खाली गेल्यामुळं. शाई चरबीत उतरते. असलं काम दुरुस्त होत नाही. कव्हरअप, म्हणजे जुना झाकणारा नवा टॅटू, दुप्पट-तिप्पट मोठा आणि गडद लागतो, मग पावाचा नियम मोडतो. लेझरनं फिकं करायचं तर दर दोन बैठकींमध्ये ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं. तोवर भरती होऊन जाते.

देवनागरीचं अक्षर ८ मिलिमीटरच्या खाली घेऊ नये. वर रफार-वेलांटी, खाली उकार धरला की ओळ १५ मिलिमीटरची होते. पाच ओळी आणि चौकट मिळून १० सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण मुद्रा पावात बसत नाही. आत्ता डाव्या हाताला आतून 'मुद्रा भद्राय राजते' एवढी एकच ओळ घे, साधारण ९ सेंटिमीटर. रेघेला ३ किंवा ५ची राऊंड लायनर, म्हणजे तेवढ्या टोकांची बारीक रेघेची सुई. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उठवायचा छाप, लावल्यावर १५ मिनिटं वाळू दे आणि शुद्धलेखन पक्कं असलेल्या माणसाकडून अक्षर न् अक्षर वाचून घे. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. जत्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदतात तिथं हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो.

दुखणं सोसण्याइतकं असतं, मनगटाजवळ आणि घडीत जास्त. खर्च आकारावर आणि काढणाऱ्याच्या हातावर ठरतो. स्वस्तातलं शोधू नकोस.

रोप लावणीच्या दिवसांत करू नकोस, चिखलपाण्यात जखम चिघळते. वरची कातडी भरायला २ ते ३ आठवडे लागतात. साध्या साबणानं धुवायचं, मलम अगदी पातळ, खपली काढायची नाही. नियम भरतीगणिक बदलू शकतात, तेव्हा तुझ्या जाहिरातीतली मेडिकलची अट आधी वाच. आणि रक्तदान करत असशील तर टॅटूनंतर १२ महिने करता येणार नाही.