उन्हाळी सुट्टीच्या खर्चातली साडूची ओळ

मार्च उजाडला की समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास येतं: “मुलांना यंदा कुठे नेलं नाही, तर त्यांना काय वाटेल?” परीक्षा, हप्ते, सासू-सुनेच्या कुरबुरी असं काहीही घेऊन आलेले पालक शेवटी इथेच पोचतात. त्यांतल्या एका जोडप्याची ही हकिकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

चिंचवडचं कुटुंब. तो कारखान्यात सुपरवायझर, ती घरी शिकवण्या घेते. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा. आदल्या मे महिन्यात ते वैयक्तिक कर्ज काढून मनालीला गेले होते. 4,200 रुपयांचा हप्ता जूनपर्यंत चालणार होता, आणि तरी यंदा पुन्हा “जायलाच हवं” यावरून घरात अबोला.

मी दोघांना कागद दिला. सहलीच्या खर्चाची प्रत्येक ओळ लिहायची आणि तो खर्च कुणासाठी, ते पुढे लिहायचं. प्रवास, हॉटेल, स्वेटर, बर्फातले फोटो. फोटोंपुढे तो थांबला.

“हे कुणासाठी?”

“मुलांसाठीच की.”

“मुलांनी मागितले होते?”

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “साडू दुबईला जाऊन आला, मॅडम. लग्नकार्यात विचारतात ना, यंदा कुठे?”

“मग लिहा तसं. साडूसाठी, अमुक इतके रुपये.”

ती खळखळून हसली, मग तोही. त्याने खरोखर आकडा लिहिला: 14,000. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं वर्षानुवर्षांच्या सरावानेच जमतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर माझा विश्वास आहे तो याचसाठी. सहलीला जावंसं वाटणं ही साधी इच्छा आहे. तिची सक्ती झाली की माणूस व्याजाने आनंद विकत घेतो.

खरी गाठ मात्र पुढच्या भेटीत सुटली. पैसे वाचवायला सहलीत स्वतः स्वयंपाक करू, शेगडी नेऊ, असं तो उत्साहाने सांगत होता. ती हळूच म्हणाली, “मला फिरायचं नाहीये. मला चार दिवस ‘जेवायला काय करू’ हा प्रश्न नकोय.” काटकसरीच्या सल्ल्यांत हेच निसटतं. शेगडी नेली असती तर सहल स्वस्त झाली असती आणि तिची सुट्टी बुडाली असती. कात्री कुठे लावायची, हे ज्याची त्याची गरज कळल्याशिवाय ठरवू नये.

त्या मे महिन्यात ते बाहेरगावी गेले नाहीत. त्या महिन्यासाठी 3,000 रुपये बाजूला काढले. त्यांतले 300-300 मुलांच्या हाती, एकेक दिवस त्यांनी ठरवायचा. एक दिवस भाजे लेणी: सकाळच्या लोकलने मळवली, तिथून चालत. लेण्यांचं तिकीट माणशी 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. उन्हाच्या आत पायऱ्या चढायच्या, पाणी भरपूर न्यायचं आणि दुपारी लोकल फार कमी असतात, हे आधीच धरून चालायचं. डबा बाप-लेकांनी भरायचा; पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून. हा नियम मोडला की ‘स्वस्त सहल’ म्हणजे आईचं पहाटे पाचला उठणं.

जूनला कर्ज फिटलं. जुलैपासून त्याच हप्त्यातले 2,000 बँकेच्या नऊ महिन्यांच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव), म्हणजे मार्चअखेर 18,000 आणि वर व्याज. तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची. 25 तारीख ठेवली की खात्यात पैसे नसतात आणि दंड बसतो. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, ती या कामाची नाही. भिशीचा नंबर ऑक्टोबरात लागला, तर पैसे दिवाळीत जातात. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर आधी ती फेडा. तिचं व्याज आरडीच्या कितीतरी पट असतं.

पुढच्या मे महिन्यात दापोलीजवळ मुरूडला तीन रात्री. एसटीत महिलांना निम्मं भाडं, 5 ते 12 वयाच्या मुलांनाही निम्मं. म्हणजे अडीच तिकिटांत चौघं. (रेल्वेत पाच वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं लागतं, आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.) रविवारी दुपारी पोचून बुधवारी परत, कारण शनिवारी खोल्यांचे भाव चढतात. घरगुती राहण्याचे 7,500, चार दिवसांच्या जेवणखाण्याचे 6,000, एसटी-रिक्षाचे 3,000, वरखर्चाला 1,500. जेवणाची ओळ कापायची नाही, हे ठरलेलंच होतं. फोन करून ‘नाश्ता धरून की वेगळा’ आणि ‘मुलांची थाळी अर्धी मिळेल का’ एवढं विचारून घेतलं. तिथे गेल्यावर वाद होतात ते याच दोन गोष्टींवरून.

कागदावर साडूची ओळ तिने मुद्दाम ठेवली होती. समोर शून्य.