टाकीला पोचा, खिशाला कात्री

प्रश्न : माझी चार सिलिंडरची जपानी मोटरसायकल साडेतीन वर्षांची आहे, बाहेरून अख्खी बांधून आलेली. गेल्या महिन्यात अंबा घाटात चहाला थांबलो. साइड स्टँड लाल मातीत खचला आणि डोळ्यांदेखत गाडी डावीकडे आडवी झाली. टाकीला तळहाताएवढा पोचा, डाव्या फेअरिंगचे (बाजूच्या प्लास्टिक आवरणाचे) अडकवायचे कान तुटले, इंजिनचं कव्हर खरचटलं, आरसा आणि क्लच लिव्हर मोडला. शोरूमचं एस्टिमेट असं : टाकी 92,000, फेअरिंग 34,000, कव्हर 21,000, आरसा 9,500, लिव्हर 6,500. एकूण 1,63,000, मजुरी वेगळी, आणि टाकी यायला तीन महिने. विमा आहे, पण झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारी जादा पॉलिसी) नाही. बोनस कापण्याआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम 18,000 आहे आणि सध्या त्यावर 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, मिळतो. क्लेम टाकू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी सव्वीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, होतो. लोकांच्या पडलेल्या गाड्यांभोवती वही घेऊन फिरायचं, हाच धंदा. तुमची फाइल माझ्या टेबलावर आली असती तर काय लिहिलं असतं, तेच सांगतो.

टाकीसमोर ‘रिपेअर’ लिहिलं असतं, ‘रिप्लेस’ नाही. टाकी गळत नाही, शिवण उघडलेली नाही, मग पोच्यासाठी 92,000 ची टाकी मंजूर होत नाही. कव्हरवर नुसते ओरखडे असतील आणि तेल पाझरत नसेल, तर तेही नामंजूर. राहिलं फेअरिंग, आरसा आणि लिव्हर. प्लास्टिकवर घसारा, म्हणजे वापराची कपात, थेट 50 टक्के, गाडी नवी असो की जुनी. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर 25 टक्के. म्हणजे कंपनी फेअरिंगचे 17,000, आरशाचे 4,750 आणि लिव्हरचे 4,875 देणार. झाले 26,625. त्यात टाकीच्या पोच्या-रंगाचे काही हजार मिळवा.

आता दुसरी बाजू, जी एजंट सहसा सांगत नाही. क्लेम टाकला नाहीत तर पुढच्या पाच वर्षांत तुमचा बोनस 45, 50, 50, 50, 50 असा राहील. टाकलात तर 0, 20, 25, 35, 45. फरकांची बेरीज केली तर 120 टक्के येते, म्हणजे 18,000 च्या हिशेबाने 21,600. दरवर्षी आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) उतरेल तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी. तरी पाच वर्षांत जवळपास तेवढंच परत द्यायचं आणि वर अर्धं फेअरिंग स्वतःच्या खिशातून घ्यायचं, यात मला राम दिसत नाही. मी असतो तर क्लेम टाकला नसता. टाकायचाच असेल तर गाडीला हात लावायच्या आधी कळवा. दुरुस्ती करून मग बिलं घेऊन आलेल्या माणसाला आम्ही चहा पाजून परत पाठवत असू.

पण हे सगळं नंतरचं. गाडी पडली की सगळ्यांची नजर आधी टाकीवर जाते, तिथेच चूक होते. पोचा कुठे पळून जात नाही. आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. हँडल जिथे येऊन अडतं, तो फ्रेमवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) स्टॉपर दबलाय का, तडकलाय का? तिथे मार असेल तर मी वर सांगितलेलं सगळं विसरा आणि आजच क्लेम टाका, कारण तो खर्च फ्रेमचा असतो. मग फुटपेगचा ब्रॅकेट, गिअर लिव्हर वाकून कव्हरला घासतोय का, कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा ओलावा आहे का, हे बघा. गाडी उभी करून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा खरं बोलतो.

लिव्हर नवाच घ्या. वाकलेला अॅल्युमिनियमचा लिव्हर पाइप घालून सरळ करणारे कारागीर आहेत, त्यांना नमस्कार करून पुढे जा. वाकून सरळ झालेलं ओतीव अॅल्युमिनियम आतून तडकलेलं असतं आणि ते ऐन घाटात हातात येतं.

फेअरिंगच्या तुटलेल्या कानांसाठी 34,000 घालवू नका. पॅनेल उलटं करून मागचा शिक्का वाचा. ‘एबीएस’ असेल तर अॅसिटोनमध्ये त्याच प्लास्टिकचा चुरा विरघळवून केलेली लापशी कानाला लावली की जोड पक्का बसतो. ‘पीपी’ असेल तर अॅसिटोनचा उपयोग शून्य. तिथे गरम वेल्डिंगच लागतं, आणि खास प्रायमर मारल्याशिवाय त्यावर रंगही टिकत नाही. पेंटरला हे विचारा. त्याने ‘सगळं प्लास्टिक सारखंच’ म्हटलं तर पॅनेल काखेत मारून निघा.

कोल्हापूरकर म्हणून तुमचं एक बरं आहे. पुढेमागे कव्हर पाझरलंच, तर उद्यमनगरात आर्गन वेल्डिंग करणारा चांगला हात मिळेल. फक्त कव्हर अॅल्युमिनियमचं आहे की मॅग्नेशियमचं, हे सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी खात्री करून सांगा. मॅग्नेशियम पेटलं की पाण्याने विझत नाही.

टाकीचा पोचा बाहेरून गोंदाने पुलर चिकटवून, ओढून बराच उचलता येतो. रंग तडकला नसेल तर कधी रंगकामाचीही गरज पडत नाही. तडकला असेल तर पातळ लांबी भरून रंगवा, पण तुमचा रंग मोत्याच्या झाकेचा असेल तर तो बहुतेकदा तीन थरांचा असतो. नुसता ठिपका मारून जुळत नाही, अख्खी टाकी रंगवावी लागते. आणि रिकाम्या टाकीजवळ कुणालाही ज्योत नेऊ देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त वाईट.

माझी स्वतःची 2009 सालची आयात गाडी कराडजवळ अशीच पडली होती. एका इंडिकेटरसाठी शोरूमने मला चार महिने झुलवलं. शेवटी पुण्यात नाना पेठेतून दुसऱ्याच गाडीचा इंडिकेटर आणून बसवला, तो आजही लुकलुकतो. टाकीवरचा ओरखडा मात्र मी ठेवलाय. विकताना गिऱ्हाईक त्याचे दहा-पंधरा हजार कापेल, कापू दे. आणि हो, साइड स्टँडखाली ठेवायला सपाट पत्र्याचा तुकडा सीटखाली टाका. माझ्याकडे बरणीचं झाकण आहे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यातली नऊ वर्षांची परदेशी मोटरसायकल तीन लाखांत घेतोय. नवी बारा लाखांची होती, म्हणजे फायदाच, असं त्याचं म्हणणं. मला यातलं काही कळत नाही. त्याला काय विचारू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, किंमत तीन लाख झाली तरी सुटे भाग बारा लाखांच्या गाडीचेच राहतात. त्याला एवढंच विचारा : दोन टायर केवढ्याला, आणि किती किलोमीटरला?

मागचा 180 मिमी रुंदीचा टायर जोरात चालवणाऱ्याला आठ-दहा हजार किलोमीटर पुरला तर नशीब, आणि जोडी काही स्वस्त मिळत नाही. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि व्हॉल्व्हचं सेटिंग वेगळं. विम्याचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) भाग मात्र स्वस्त आहे. 350 सीसीच्या वरच्या दुचाकीला वर्षाला 2,804 रुपये अधिक जीएसटी, असा दर 2022 मध्ये ठरला. पण नऊ वर्षांच्या गाडीला झीरो डेप बहुतेक कंपन्या देत नाहीत. आणि सहा वर्षांनी नोंदणी पंधरा वर्षांची झाली की नूतनीकरण येतं. 2022 पासून त्याची फी इथल्या मोटरसायकलला 1,000 तर आयात दुचाकीला 10,000 रुपये झाली. त्याच्या डायरीत हे असू दे.

तो म्हणेल, आता कर उतरलाय. खरं आहे. 2025 च्या बजेटमध्ये अख्ख्या आयात मोटरसायकलींवरची मूळ कस्टम ड्युटी 1600 सीसीपर्यंत 50 वरून 40 टक्क्यांवर आली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात 350 सीसीच्या वरच्या दुचाकींचा जीएसटी 40 टक्के झाला. सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, तेवढाच त्याला दिलासा.

गाडी बघायला जाताना कुणीतरी जाणता बरोबर न्यावा. लिव्हरची टोकं, हँडलची टोकं आणि फुटपेगची टोकं बघा. एका बाजूची तिन्ही नवी कोरी आणि दुसऱ्या बाजूची झिजलेली असतील, तर गाडी त्या नव्या बाजूवर पडलेली आहे. मालक ‘कधीच पडली नाही’ म्हणाला, तर मग तो अजून काय काय लपवतोय ते शोधायचं. आरसीवरचा आणि फ्रेमवरचा चेसिस नंबर आकडा न् आकडा जुळवा, आयातीची कागदपत्रं मागा.

नऊ वर्षांच्या गाडीला पहिल्या वर्षी साठ-सत्तर हजार वेगळे काढून ठेवावेत, हा माझा अंदाज. तेवढे त्याच्या खात्यात असतील तर आडवं येऊ नका. हप्त्यावर घेणार असेल तर जरूर आडवं या.

प्रश्न : मॅट काळ्या टाकीवर चावीचा ओरखडा आहे. घरच्या घरी पॉलिश मारू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच नको. मॅटवर पॉलिश घासलं की तेवढाच भाग चकचकीत होतो आणि तो पुन्हा मॅट होत नाही. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर रंगकाम, नाही अडकलं तर साबणाच्या पाण्याने पुसा आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवायला लागा.