बाजार पडतोय, चांगल्या कंपन्यांचे शेअर आत्ताच विकून मोकळं व्हावं का?

नाही, कंपनीचा धंदा शाबूत असेल आणि हे पैसे तुम्हाला पुढची पाच-सात वर्षं लागणार नसतील, तर केवळ भाव उतरला म्हणून विकू नका. विकणं सोपं असतं, पुन्हा कधी शिरायचं ते मात्र जमत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला. आणि ७ एप्रिलला, लॉकडाउन चालू असताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एकाच दिवसात जवळपास ९ टक्के चढला! नोव्हेंबरात तो ४२,००० च्या वर होता. दर वेळी इतकं लवकर होत नाही हेही खरं. जानेवारी २००८ मधली २१,००० ची पातळी परत दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडावं लागलं.

पण 'चांगली' कंपनी म्हणजे नुसती नावाजलेली नव्हे. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला खातेदारांच्या पैसे काढण्यावर मर्यादा घालावी लागली. तिथे थांबून राहणाऱ्यांचं नुकसानच झालं. म्हणून भावाकडे बघत बसण्याऐवजी हे तपासा:

- कर्ज वाढतंय का
- नफा कागदावरच आहे की रोख हातात येतेय
- प्रवर्तकांनी (कंपनी उभारणाऱ्या, ताबा असलेल्या मालकांनी) आपले शेअर गहाण ठेवलेत का

यातली शेवटची माहिती दर तिमाहीला बीएसई-एनएसई या दोन शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते.